पंधराचं जुनं मशीन, क्रँकचं बेअरिंग आणि मालवणातलं एक वर्कशॉप

आमच्या होडीचं मशीन, म्हणजे मागे लावायचं इंजिन, यामाहा एंड्युरो, पंधरा हॉर्सपॉवरचं. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, 246 सीसी. बाबांनी घेतलं तेव्हा मी शाळेत होतो. देवबागला आमच्या फायबर होडीला आजही तेच आहे. यंदा पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठल्यावर मशीन लावलं आणि स्लोवर ठेवलं की आतून घरघर यायला लागली, जात्यात खडा अडकल्यासारखी. रेस दिली की आवाज दबायचा, म्हणून आधी लक्ष दिलं नाही. मग वरचं सिलिंडर मिस मारायला लागलं. कर्ली नदीच्या मुखाशी लाट फुटते तिथे मशीन मिस मारलं तर काय होतं, ते आमच्या वाडीत कुणाला सांगावं लागत नाही.

पहिल्या मेकॅनिकने कार्ब्युरेटर धुतला, प्लग बदलले, पैसे घेतले. घरघर तशीच.

मग मालवणातल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. मिस्त्रींनी मशीन चालू करायला सांगितलंच नाही. वरचं कव्हर काढलं, फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं आणि म्हणाले, "झिला, हयसर हात लाव." लावला. टक्. केसभराचाच खेळ, पण बोटांना स्वच्छ कळला. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा, ज्यावर टेकून फिरतो ते वरचं मेन बेअरिंग झिजलं होतं. त्याने क्रँक डुगडुगतो, सील खातो, आणि सीलमधून हवा आत ओढली जाते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल क्रँककेसमधूनच, म्हणजे क्रँकच्या पेटीतूनच, वर जातं, त्यामुळे तिथे हवा शिरली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि सिलिंडर तापतं. कार्ब्युरेटर कितीही धुतला तरी उपयोग नव्हता.

खोललं त्या दिवशी मी तिथेच बसलो होतो. फ्लायव्हील पुलर, म्हणजे ओढून काढायचं हत्यार, लावून काढलं. हे मुद्दाम सांगतो, कारण हातोड्याने ठोकून काढताना मी स्वतः पाहिलंय. क्रँककेसचे दोन भाग सुटले, बेअरिंग निघालं, आणि मिस्त्रींनी ते धुवून माझ्या तळहातावर ठेवलं. कडं फिरवलं की दर फेरीला एकाच जागी अडकत होतं. आत गोळ्यांच्या वाटेवर तांबूस ठिपके, मोहरीएवढे. गंज. जून-जुलै मशीन पडवीत उभं होतं आणि ठेवताना मी आत तेल फवारलं नव्हतं.

त्याच नंबरचं साधं बेअरिंग गावात लगेच मिळत होतं. मिस्त्रींनी ते घेतलं नाही. नंबरापुढे सी-3 हवंच म्हणाले: त्यात गोळ्यांना जास्त मोकळीक असते, मशीन तापून धातू फुगला की ती लागते. ते कोल्हापुरातून यायला चार दिवस गेले. खालचं बेअरिंग आणि दोन्ही सीलही त्याच वेळी बदलले, कारण पुन्हा खोलायचं म्हणजे सगळी मजुरी पुन्हा. नवं बेअरिंग तेलात तापवून क्रँकवर सरकवलं, ठोकाठोक नाही. मग क्रँक सरळ फिरतो का ते बघायला तो व्ही-ब्लॉकवर, म्हणजे खाचेच्या ठोकळ्यांवर, ठेवून डायल गेज, म्हणजे काट्याचं मापक, लावला. काटा 2 शतांश मिलिमीटरच्या पुढे गेला नाही. एवढं मोजून काम करणारा माणूस मला आमच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा भेटला.

तक्रार आहे ती वेळेची. पाच दिवस सांगितले होते, नऊ लागले, आणि मधे फोन उचलला नाही. ऐन हंगामात चार दिवस जास्त होडी किनाऱ्यावर म्हणजे घरात ते जाणवतं. एक फोन केला असता तर मी भाड्याचं मशीन बघितलं असतं. बिल सगळं मिळून 6,800 रुपये झालं, प्रत्येक वस्तू वेगळी लिहून, आणि जुने भाग पिशवीत घालून परत दिले.

पहिले 10 तास पेट्रोलच्या लिटरला 40 मिली तेल घालायला सांगितलं, नंतर नेहमीचं 20. तेल टीसी-डब्ल्यू 3 च, म्हणजे होडीच्या टू-स्ट्रोक मशीनचं, मोटरसायकलचं नाही. ते 10 तास परवा संपले. आता स्लोवर ठेवलं की मशीनमधून पडणाऱ्या पाण्याच्या धारेचा आवाज ऐकू येतो.