तणनाशक तोडणारे जिवाणू: बाटली चांगली, लेबल फसवं

मक्यात मारलेल्या अ‍ॅट्राझिन या तणनाशकाचा अंश जमिनीत राहिला की पुढच्या पिकाला चटका बसतो, म्हणून हे जिवाणूंचं लिक्विड घेतलं. पाचपैकी तीन स्टार.

आधी चांगलं सांगतो. अ‍ॅट्राझिन मारलेली एकाच ठिकाणची माती दोन कुंड्यांत भरली, एकीला हे लिक्विड दिलं, दोन्हींत ओल सारखी ठेवली आणि काही आठवड्यांनी काकडी लावली, कारण मका अ‍ॅट्राझिन पचवतो पण काकडीला ते अजिबात सोसत नाही. नुसत्या मातीतली रोपं उगवली मस्त, पण नंतर पानं कडेपासून पिवळी पडत आत करपत गेली. लिक्विडवाल्या कुंडीत सगळी हिरवीगार! म्हणजे जिवाणू जिवंत आहेत आणि काम करतायत.

मग लेबलवर 'सर्व तणनाशकांवर उपयुक्त' कशाला छापायचं? असं नसतंच हो. अ‍ॅट्राझिनसाठी एटीझेड-ए नावाचं जीन लागतं, त्यातून बनणारं एन्झाइम (रासायनिक काम घडवणारं प्रथिन) रेणूवरचा क्लोरिन काढतं आणि तिथेच त्याचा तण मारायचा गुण जातो, मग बी आणि सी जीनची एन्झाइम्स त्याचं सायन्युरिक अ‍ॅसिड करतात आणि डी, ई, एफ त्याच्यापासून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड. स्युडोमोनास एडीपी या जिवाणूच्या स्ट्रेनमध्ये (म्हणजे वाणात) ही सहाही जीन्स एकाच प्लाझमिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर आहेत, त्या डीएनएचा पूर्ण क्रम 2001 मध्ये छापून आलाय. आणि एटीझेड-एचं एन्झाइम किती नेमकं असतं बघा, मेलामाइन या दुसऱ्या रसायनावर काम करणाऱ्या त्याच्या भावंड एन्झाइममध्ये आणि याच्यात 475 पैकी फक्त 9 अमिनो अ‍ॅसिडचा (प्रथिनाच्या कड्यांचा) फरक, तरी दोघांचं काम वेगळं. 2,4-डी हे दुसरं तणनाशक तोडायला टीएफडी-ए हे वेगळंच जीन लागतं, ग्लायफोसेट या तिसऱ्या तणनाशकाचा रस्ता तर आणखी निराळा. एक बाटली सगळं कसं खाईल?

कंपनीला विचारलं कोणता स्ट्रेन, कोणती जीन्स, तर उत्तर आलं 'फॉर्म्युला सिक्रेट आहे'. दोन स्टार इथेच गेले. शेतकऱ्याला एवढं कळायलाच हवं, पुढचं अख्खं पीक त्यावर असतं.

अ‍ॅट्राझिनसाठी बिनधास्त घ्या, ग्लायफोसेटसाठी या लेबलच्या भरवशावर घेऊ नका. आणि हे लिक्विड सोडल्यावर लगेच युरिया टाकू नका, हे जिवाणू अ‍ॅट्राझिनमधला नायट्रोजन मिळवायला ते तोडतात, आयता नायट्रोजन मिळाला की काम मंदावू शकतं. ही सूचना खरं तर लेबलवरच हवी होती.