‘बंदी येतेय, आत्ताच घ्या’ म्हणत बिनकेसांचं पिल्लू विकलं, ८४,३०० रुपये घेऊन पसार

कुत्रा, मांजर, पोपट, काहीही असो. विकणारा माणूस “सरकारची बंदी येतेय, नंतर मिळणार नाही” असं म्हणाला की पुढचं एक अक्षर ऐकू नका. फोन ठेवा, नंबर ब्लॉक करा. माझे ८४,३०० रुपये या एका वाक्यावर गेले.

हे लिहायची मला हौस नाही. आमच्या वाड्यावर चर्चा व्हायची ती होऊन गेली आहे. “रस्त्यावर एवढी देशी पिल्लं फिरतायत, हिला मेक्सिकोचं हवं होतं” हे मी दुकानात, देवळात, लग्नात ऐकलं. ज्यांनी हे म्हटलं त्यांना माहीत नाही की माझ्या मुलाला लहानपणापासून दमा आहे. शेजारच्यांच्या कुत्र्याला मांडीवर घेतलं की रात्री त्याला पंप द्यावा लागतो. तरी त्याला कुत्राच हवा. अशा मुलाच्या आईला कुणी सांगितलं की केसच नसलेल्या जातीचा कुत्रा असतो, तर ती काय करेल? मी विचारपूस केली, आणि विचारपूस केली म्हणूनच त्या माणसाच्या हाती लागले.

इन्स्टाग्रामवर त्याचं पान होतं. बिनकेसांची पिल्लं, कान उभे, कातडी करडी. मुंबईजवळ फार्म आहे म्हणाला. बोलणं अगदी घरच्यासारखं, प्रत्येक वाक्यात ताई. ही जात मेक्सिकोची, शोलो म्हणतात, एका पिल्लाची किंमत १,२०,००० रुपये, पण तुमच्या मुलाची तब्येत ऐकली म्हणून ६८,००० ला देतो. दम्याच्या मुलाला हा कुत्रा शंभर टक्के चालतो, असंही छातीठोक सांगितलं. ते खोटं आहे. नंतर जनावरांच्या डॉक्टरांनी मला समजावलं की त्रास मुळात केसांमुळे होत नाही, कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे होतो. बिनकेसांच्या कुत्र्यालाही लाळ असते, कातडी असते. दमा असलेलं मूल घरात असेल तर आधी त्याच्या डॉक्टरांना विचारा, विकणाऱ्याला नको.

मी लगेच पैसे पाठवले नव्हते. घरी बोलू, पगार होऊ दे, असं चाललं होतं. तेव्हा त्याने बंदी काढली.

नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०२६ पासून बिनकेसांची जनावरं पाळायला बंदी, अशी बातमी त्याने पाठवली. मागोमाग आपल्या केंद्र सरकारचं १२ मार्च २०२४ चं पत्र आलं. “आता गोव्यातही कायदा होतोय. बंदीच्या आधी ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना ठेवता येणार, बाकीच्यांना नाही. ठरवा ताई.”

या बातम्या खोट्या नव्हत्या. म्हणून तर मी फसले. हणजुणेत २०२४ च्या ऑगस्टमध्ये पिटबुलने सात वर्षांच्या मुलाचा जीव घेतला, हे गोव्यात कोण विसरलंय? त्यानंतर पिटबुल, रॉटवायलरवर बंदीच्या बातम्या येतच होत्या. वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला त्याचं बोलणं खरंच वाटणार. लबाडी त्याने सांधा जोडताना केली. नेदरलँड्सची ती बंदी मांजरांसाठी आहे, बिनकेसांच्या स्फिंक्स आणि कान दुमडलेल्या मांजरांसाठी. आधी जन्मलेल्या आणि चिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची खूण) लावलेल्या मांजरांना तिथे मरेपर्यंत ठेवता येतं, तेवढी सवलत उचलून त्याने माझ्या कुत्र्याला लावली. केंद्राचं पत्र २३ हिंस्र मानलेल्या जातींबद्दल होतं, त्यात बिनकेसांच्या कुत्र्याचं नावही नाही. शिवाय कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी ते एप्रिल २०२४ मध्येच रद्द केलं. म्हणजे मला दाखवलेला कागद केव्हाचाच निकामी झाला होता. फॉरवर्ड होऊन आलेली बातमी मुळापासून वाचा. फक्त मथळ्याचा फोटो आला असेल तर संशय घ्याच.

आणि ज्या देशांनी असे नियम केले ते जनावरांचे हाल होतात म्हणून केले. स्फिंक्सला अंगाची ऊब धरता येत नाही, मिशासुद्धा धड नसतात. बिनकेसांच्या कुत्र्यांची कातडी उन्हात भाजते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात त्यांचं काय होईल? जनावराच्या दुःखासाठी केलेला कायदा या माणसाने ‘शेवटची संधी’ म्हणून विकायला काढला. याची मला पैशांइतकीच चीड आहे.

पैसे असे गेले. बुकिंग ५,०००. ‘आयात परवानगी’ २०,०००. ‘बंदीपूर्व एनओसी’ १२,५००. पिल्लू बसमध्ये चढवल्याचा व्हिडिओ आल्यावर उरलेले ४३,०००. बसवाल्याला हातात ३,८००. बसवाल्याचे सोडून सगळं यूपीआयवर, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या नावाच्या खात्यावर. ६८,००० ठरले होते, त्याचे ८४,३०० झाले. “एनओसीचे पैसे सरकार परत देतं” हे त्याचं उत्तर. सरकार कधी कुणाला एनओसीचे पैसे परत देतं? खातं दर वेळी बदलतंय असं दिसलं तर तिथेच थांबा, आधी गेलेल्यावर पाणी सोडा.

आता तो क्षण, ज्याने माझी झोप घालवली. फर्मागुढीला पहाटे बस थांबली. ड्रायव्हरने पुठ्ठ्याचा खोका दिला. पिल्लू टॉवेलात गुंडाळलेलं, थरथरत होतं. मी उचलून छातीशी धरलं आणि वास आला. ओळखीचा वास, केस काढायच्या क्रीमचा, जो कुठल्याही बाईला अंधारातही कळेल. पोट लालभडक होतं. हात फिरवला तर पाठीला बारीक खुंट लागत होते, दोन दिवसांच्या दाढीला लागतात तसे. सगळं माझ्या हाताला लागत होतं, नाकाला कळत होतं. पण बस सुटली होती, मुलगा शेजारी उभा राहून आनंदाने रडत होता आणि पैसे आदल्या संध्याकाळीच गेले होते. मी त्या माणसाला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, “प्रवासात कातडी कोरडी पडू नये म्हणून लोशन लावलंय ताई.” कुणी म्हणेल, तिथेच कळायला हवं होतं. कळून काय करणार होते? पिल्लू रस्त्यावर सोडून येणार होते?

डॉक्टरांनी बघितल्याबरोबर सांगितलं, क्रीमने भाजलंय. वय जेमतेम पाच आठवडे. अंगात मायक्रोचिप नाही, तरी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या केनेल क्लबच्या कागदावर पंधरा आकडी चिप नंबर होता. औषधं, मलम, सलाईन धरून ६,४५० रुपये झाले. थोड्याच दिवसांत पिल्लाच्या अंगावर दाट तपकिरी केस आले.

डॉक्टरांकडूनच कळलं की शोलोसारख्या जातीत बिनकेसांचं पिल्लू एका जनुकातल्या बदलामुळे होतं. तो बदल आई आणि बाप दोघांकडून आला तर ते पिल्लू पोटातच मरतं. म्हणून बिनकेसांच्या जोडीलाही सरासरी तीन पिल्लांमागे एक केसाळ होतंच, आणि बिनकेसांच्यांचे दात बहुधा कमी असतात. मला तर सांगितलं होतं, आईबाप दोघे बिनकेसांचे, पिल्लं झाडून सगळी बिनकेसांची. कुणी असं सांगितलं तर त्या वेतातलं केसाळ भावंड दाखवायला सांगा, व्हिडिओ कॉलवर, आईच्या जवळ. दाखवलं नाही तर व्यवहार बंद.

मग सरकारी दारं. पोलीस ठाण्यात एकाने सगळं ऐकून विचारलं, “कुत्रो मेळ्ळो न्हय तुमकां?” मिळाला, पण तो नव्हे, म्हटलं. “मग फसवणूक कसली, हे दिवाणी प्रकरण.” बोगस प्रमाणपत्र, बोगस एनओसी, भाजलेलं पिल्लू, सगळे फोटो समोर ठेवले. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ काय शोभेला आहे? तिथून सायबरकडे पाठवलं, सायबरवाले म्हणाले उशीर झाला, पैसे पुढच्या खात्यातून निघून गेले. उशीर कुणामुळे झाला? त्यांच्या बाकांवर बसून राहण्यामुळेही की! जनावरांच्या कार्यालयात गेले तर समोरच्या माणसाने कुत्र्याचा परवाना मागितला. माझ्याकडे! विकणाऱ्याकडे नाही! मी कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांचं नाव काढलं, ज्यात ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तो म्हणाला, विक्रेता गोव्याबाहेरचा आहे, आमच्या हद्दीत येत नाही. मग कुणाच्या हद्दीत येतो? पिल्लू गोव्यात आलं, पैसे गोव्यातून गेले, भाजलेल्या कातडीवर इलाज गोव्यात झाला. आणि छळाबद्दल शिक्षा विचारली तर? १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास! माझ्याकडून ८४,३०० घेणाऱ्याला त्याची भीती का वाटावी? नवीन बंदीचे कायदे खुशाल आणा, पण आहेत ते नियम कुणी पाळायला लावत नाही, आणि अशा रिकाम्या जागेत हे लोक पोट भरतात.

पैसे गेल्याचं कळताच, त्याच तासात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा. आधी विक्रेत्याशी भांडत बसू नका, मी बसले त्यात पहिला दिवस गेला. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, कायद्याने तो तुमचा हक्क आहे, आणि पोचपावती जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ‘इम्पोर्टेड’ पिल्लू कुणी विकत असेल तर कागद मागा, कारण धंद्यासाठी कुत्री आयात करण्यावर २०१६ पासून निर्बंध आहेत. ‘आयात परवानगी’ म्हणून ग्राहकाकडून पैसे घेणं हाच फसवणुकीचा पुरावा समजा. पिल्लू कधीही बसने मागवू नका. चिप तुमच्या डॉक्टरांकडून तपासून मगच शेवटचा रुपया द्या.

पिल्लू आता वाळपईला माझ्या माहेरी आहे. मुलगा रविवारी भेटायला जातो, पंप खिशात ठेवून. ते परत करायचं म्हटलं असतं तरी कुणाकडे करणार होते? आणि त्या जिवाने काय केलं होतं?

तो माणूस थांबलेला नाही. पानाचं नाव बदललं, नंबर बदलला, फोटो तेच आहेत. मागे निळ्या टाइलची भिंत, खाली हिरवं प्लास्टिकचं बास्केट, त्यात पाच पिल्लं आणि डावीकडच्याच्या गळ्यात लाल फीत. आता तो स्फिंक्स मांजरंही विकतोय, आणि सोबत नेदरलँड्सची तीच बातमी पाठवतोय. हा फोटो तुमच्याकडे आला असेल, तर पैसे पाठवायच्या आधी मला कळवा. माझ्याकडची सगळी खाती, नंबर आणि बोगस कागद मी तुम्हाला पाठवीन. दोघाचौघांच्या तक्रारी एकत्र गेल्या तर तरी ‘दिवाणी प्रकरण’ म्हणणं पोलिसांना जड जाईल.