जागेपणी विकली जाणारी विश्रांती: नागपुरातील एका रिकव्हरी सेंटरचा अनुभव

माझी मुलगी अकरावीत आहे आणि ८०० मीटर धावते. मार्च ते मे या तीन महिन्यांसाठी आम्ही तिच्या नावाने धरमपेठ भागातील एका रिकव्हरी सेंटरचे, म्हणजे सरावानंतर खेळाडूंचा थकवा उतरवण्याच्या सोयी देणाऱ्या केंद्राचे, सदस्यत्व घेतले होते. सेंटरचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या गोष्टींविषयी तक्रार आहे त्या एका दुकानापुरत्या नाहीत, त्या या धंद्याच्या एकंदर रीतीच्या आहेत. महिना ४,५०० रुपये, त्यात आठवड्यातून दोन भेटी, आणि झोप मोजणारी एक अंगठी २,००० रुपये अनामत घेऊन वापरायला, असा व्यवहार होता. जागा स्वच्छ आहे, टॉवेल धुतलेले मिळतात आणि गाडी लावायची अडचण संध्याकाळी सहानंतर हमखास होते.

प्रथम थंड पाण्याविषयी. एका मोठ्या टबात १२ अंशांचे पाणी असते आणि त्यात दहा मिनिटे कमरेपर्यंत बसायचे असते. मे महिन्यात आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी हातावर घेववत नाही, त्यामुळे पाणी गार ठेवणाऱ्या यंत्रावर किती ताण येत असेल याची कल्पना करता येते; एकदा वीज तासभर गेली होती, तेव्हा टबावरचा आकडा १९ दाखवत होता आणि तरीही भेट पूर्ण धरली गेली. पण माझी खरी हरकत वेगळी आहे. सेंटरमधील प्रशिक्षक प्रत्येक सरावानंतर, जिममध्ये वजने उचलण्याच्या दिवशीसुद्धा, टबात बसण्याचा आग्रह धरत. ताकदीच्या व्यायामानंतर लगेच थंड पाण्यात बसण्याची सवय ठेवली तर स्नायूंची वाढ आणि ताकद कमी प्रमाणात वाढते, हे २०१५ साली ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’मध्ये प्रसिद्ध झालेल्या बारा आठवड्यांच्या प्रयोगात दिसले होते. स्नायूंना वाढायला सांगणारे जे संकेत व्यायामानंतर शरीरात निघतात, तेच या पाण्याने मंदावतात. एकाच दिवशी सकाळी प्राथमिक फेरी आणि संध्याकाळी अंतिम फेरी असेल, तर हा टब उपयोगाचा आहे. पायाभरणीच्या, म्हणजे स्पर्धांआधी ताकद कमावण्याच्या, हंगामात आठवड्यातून दोनदा मात्र नाही. हा भेद सांगणारा फलक तेथे कोठेही नव्हता.

हवेने फुगणारे बूट हे सेंटरचे सर्वांत लोकप्रिय आकर्षण आहे. पाय घोट्यापासून मांडीपर्यंत आळीपाळीने दाबले जातात, अर्धा तास बरे वाटते आणि दुखण्याची जाणीव काही काळ कमी होते, याहून मोठा दावा मी करणार नाही. पुढच्या धावेचा वेळ त्याने सुधारतो याचा पुरावा तोकडा आहे. मुलीला ते आवडत, कारण त्या अर्ध्या तासात तिला कोणी अभ्यासाचे विचारत नसे.

बुटांच्या खोलीच्या भिंतीवर एक मोठा तक्ता होता. स्टॅनफर्ड विद्यापीठातील बास्केटबॉल खेळाडूंवर झालेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचे आकडे त्यावर होते: पाच ते सात आठवडे रोज किमान दहा तास अंथरुणात राहण्याचे ध्येय ठेवल्यावर साधारण ८६ मीटरच्या धावेचा वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ सेकंदांवर आला आणि फ्री थ्रोची अचूकता नऊ टक्क्यांनी वाढली. आकडे बरोबर आहेत. मात्र त्या अभ्यासात खेळाडू अकराच होते, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि मुख्य म्हणजे त्यांना कोणी बूट घातले नव्हते की टबात बसवले नव्हते. ते फक्त जास्त झोपले होते. म्हणजे भिंतीवर झोपेची महती आणि तिच्याखाली जागेपणी तासावर विकल्या जाणाऱ्या वस्तू, असा तो प्रकार होता. आम्ही सहा ते सात या वेळेत तेथे जात असू आणि मग मुलगी धावतपळत कोचिंगला पोहोचत असे, तेव्हा हे माझ्याही लगेच ध्यानात आले नाही.

ते ध्यानात आणून दिले सेंटरमधल्याच एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने, आणि या तीन महिन्यांत मिळालेली सर्वांत मोलाची सेवा तीच. पहिल्या भेटीत तिने गुडघे तपासण्याआधी विचारले, ‘‘काका, ही किती वाजता झोपते?’’ मग दोन आठवडे भरायचा एक साधा कागदी तक्ता दिला: दिवा कधी मालवला, अंदाजे झोप कधी लागली, रात्री जाग आली का, सकाळी कधी उठली, चहा-कॉफी शेवटची कधी घेतली. आम्ही प्रतापनगरला राहतो. मानकापूरच्या क्रीडा संकुलात साडेपाचला सराव असतो, म्हणून पावणेपाचला उठणे. कोचिंग रात्री नऊपर्यंत, जेवण, वह्या, फोन, आणि दिवा मालवायला पावणेअकरा. सरासरी निघाली ५ तास ५० मिनिटे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीची शिफारस आठ ते दहा तासांची आहे. लॉस एंजेलिसमधील शालेय खेळाडूंच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट आढळली होती, हेही तिनेच सांगितले. वाढीच्या संप्रेरकाचा मोठा भाग रात्रीच्या पूर्वार्धातील गाढ झोपेत स्रवतो, हे ऐकल्यावर माझ्या मुलीने प्रथमच फोन स्वतःहून हॉलमध्ये ठेवला.

उपाय सुचवणे सोपे आणि अमलात आणणे अवघड होते. सराव उशिरा ठेवा, असे कोणीही सांगेल, कारण या वयात झोपेचे चक्र मुळातच उशिराकडे सरकलेले असते. पण नागपुरात एप्रिलनंतर आठ वाजता ट्रॅकवर उभे राहणे हा शहाणपणा नव्हे, आणि तिच्या धावण्याच्या सरांनी ते योग्य कारणाने नाकारले. मग कोचिंगची तुकडी बदलून दुपारी साडेतीनची घेतली, त्यासाठी मला दोनदा रजा टाकून तेथील कार्यालयात बसावे लागले. आता दिवा सव्वानऊला मालवला जातो आणि दुपारी एक वाजता अर्ध्या तासाची डुलकी असते. खोलीसाठी कूलरला नव्या वाळ्याच्या ताट्या लावल्या. झोप लागताना शरीराचे आतले तापमान उतरावे लागते, आणि आपली कोरडी हवा असेपर्यंत कूलर ते काम उत्तम करतो; पाऊस सुरू झाला की हवेत दमटपणा येऊन तो निरुपयोगी ठरतो, तेव्हाचा विचार वेगळा करावा लागेल.

आता अंगठीविषयी, कारण सेंटरची जाहिरात तिच्याच भोवती फिरते. अंगठी बोटातील रक्तप्रवाह प्रकाशाने मोजते, नाडीचे ठोके आणि हालचाल नोंदवते आणि त्यावरून झोपेचा अंदाज बांधते. मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल आणि स्नायूंचा ताण यांची नोंद करणारी निद्रा प्रयोगशाळेतील तपासणी ही निराळी गोष्ट. त्यामुळे एकूण झोप किती झाली हे अंगठी बऱ्यापैकी सांगते, पण ‘गाढ झोप ४७ मिनिटे’ यासारखे आकडे फार मनावर घेऊ नयेत. माणूस निपचित पडून जागा असेल तर अंगठीला ते बहुतेकदा कळत नाही. निवड चाचणीच्या आदल्या रात्री मुलगी दोन वाजेपर्यंत छताकडे पाहत होती. अंगठीने ७ तास १० मिनिटे झोप लिहिली. उलट मेच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी अंगठीने शंभरपैकी ४१ गुण दिले, तेव्हा मुलगी नाश्त्याच्या वेळी म्हणाली, ‘‘बाबा, मी तर आज थकली आहे म्हणते हे.’’ तोवर तिला तसे काहीच वाटत नव्हते. त्याच दिवशी ती ८०० मीटर आजवरच्या तिच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा दोन सेकंद आधी आली. आकड्यांच्या धास्तीनेच झोप बिघडण्याच्या प्रकाराला अमेरिकी संशोधकांनी २०१७ साली ‘ऑर्थोसोम्निया’ असे नावही दिले आहे. आम्ही त्यानंतर अंगठी कपाटात ठेवली आणि कागदी तक्ता सुरू ठेवला.

ते दोन सेकंद झोपेचे, वयाचे, की सरांच्या बदललेल्या कार्यक्रमाचे, हे एका मुलीवरून ठरवता येणार नाही. एवढे मात्र सांगता येईल की गेल्या हंगामात दोनदा सुजलेली तिची नडगी यंदा शांत आहे, आणि सकाळी तिला उठवायला आता आवाज चढवावा लागत नाही.

सदस्यत्व पुढे वाढवले नाही. एकाच दिवशी दोन फेऱ्या असतील तेव्हा टबासाठी ५०० रुपयांची एकेरी भेट घेऊ, आणि त्या फिजिओथेरपिस्टचा सल्ला स्वतंत्र फी देऊन दर दोन महिन्यांनी घेणार आहोत. सेंटरने तशी सोय लगेच दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. अंगठीची अनामत परत मिळायला मात्र १९ दिवस आणि चार फोन लागले.