विझार्ड घेऊ की सॉर्सरर? बाल्डर्स गेट ३ पहिल्यांदा खेळताना

बाल्डर्स गेट ३ हा रोल प्लेइंग गेम चालू केला की पहिला तासभर कॅरेक्टर बनवण्यातच जातो, आणि जादूवाला घ्यायचा हे एकदा ठरलं की गाडी हमखास एकाच जागी अडते. विझार्ड की सॉर्सरर? दोघांकडे फायरबॉल, दोघांकडे मॅजिक मिसाईल, दोघंही अंगाने किरकोळ, मग फरक काय? मी दोन्ही घेऊन गेम शेवटपर्यंत खेळलोय आणि माझं मत आधीच सांगून टाकतो, पहिल्या वेळेला सॉर्सरर घ्या. का ते खाली सांगतो, आणि कुणी विझार्डच घ्यावा तेही सांगतो कारण तो काही कमी नाहीये.

आधी जादू चालते कशी ते बघू. ज्यांनी बाकीचे रोल प्लेइंग गेम खेळलेत त्यांना जादूची शक्ती दाखवणाऱ्या निळ्या पट्टीची सवय असते, पट्टी भरली की टाका स्पेल. इथे पट्टी नाही, स्पेल स्लॉट आहेत, म्हणजे स्पेल टाकायच्या मोजक्या संधी, डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलवर खेळायच्या गेमच्या पाचव्या आवृत्तीतून आलेल्या. कॅरेक्टर पाचव्या लेव्हलला पोचलं की तुमच्याकडे पहिल्या लेव्हलच्या स्पेलचे ४, दुसऱ्याचे ३ आणि तिसऱ्याचे २ स्लॉट असतात. फायरबॉल तिसऱ्या लेव्हलचा, म्हणजे दोन फायरबॉल टाकले की संपलं, लाँग रेस्ट (कॅम्पमधली रात्रभराची झोप) घेईपर्यंत वाट बघा, आणि लाँग रेस्टला नॉर्मल डिफिकल्टीवर ४० कॅम्प सप्लाय (खायचं सामान) लागतात. कँट्रिप, म्हणजे स्लॉट न लागणारे साधे स्पेल, तेवढे फुकट, हवे तितके टाका. स्लॉटची संख्या दोघांचीही सारखीच असते, फरक आहे तो त्या स्लॉटमधून तुम्ही काय टाकू शकता आणि कसं टाकू शकता यात.

विझार्डचं सगळं वहीत असतं. सुरुवातीलाच ६ स्पेल येतात, मग प्रत्येक लेव्हलला २, आणि शिवाय रस्त्यात, पेटीत, दुकानात जे स्क्रोल (स्पेल लिहिलेल्या गुंडाळ्या) मिळतील ते पैसे देऊन वहीत उतरवता येतात, स्पेलच्या दर लेव्हलला ५० गोल्ड. म्हणजे तिसऱ्या लेव्हलच्या स्पेलला १५०, पण तो तुमच्या स्वतःच्या स्कूलचा (जादूच्या शाखेचा) असेल तर निम्म्यात काम होतं. वहीतले सगळे एकाच वेळी वापरता येत नाहीत, लेव्हल अधिक इंटेलिजन्सचा मॉडिफायर (त्या गुणाच्या आकड्यावरून मिळणारा बोनस) एवढेच तयार ठेवता येतात, पण लढाई चालू नसेल तर ही यादी कधीही बदलता येते. या एका गोष्टीसाठी विझार्ड मला फार आवडतो. पुढच्या खोलीत काय आहे ते लपून बघून या, मागे या, यादी बदला, मग आत जा.

सॉर्सररचं तसं नाही. त्याची जादू रक्तात असते, जन्मापासून. पहिल्या लेव्हलला २ स्पेल, पुढे लेव्हलमागे एक, पाचव्याला मिळून ६. लेव्हल वाढताना एक जुना देऊन नवा घेता येतो, बास. त्याच लेव्हलला १८ इंटेलिजन्सचा विझार्ड ९ स्पेल तयार ठेवून फिरतो आणि वहीत त्याहून कितीतरी जास्त असतात. नुसते आकडे बघितले तर सॉर्सरर कुणी घेणारच नाही.

पण दुसऱ्या लेव्हलला मेटामॅजिक येतं आणि चित्र पालटतं.

सॉर्सररकडे लेव्हलइतके सॉर्सरी पॉइंट असतात आणि ते खर्चून तो स्पेललाच वाकवतो. दोन प्रकार नक्की घ्या. पहिला ट्विन्ड, म्हणजे एकाला लागणारा स्पेल दोघांना लावायचा. हेस्ट हा वेग वाढवणारा स्पेल घ्या, ३ पॉइंट टाका, आणि लेझेल आणि कार्लाक या लढवय्या साथीदार, दोघींना एका स्लॉटमध्ये हेस्ट, प्रत्येकीला जास्तीची ॲक्शन, आणि कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवायला लागणारं लक्ष) मात्र एकच! दुसरा क्विकन्ड, तिसऱ्या लेव्हलला मिळतो, यालाही ३ पॉइंट. ॲक्शनचा स्पेल बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे त्याच टर्नमधल्या जोडीच्या छोट्या चालीत, टाकता येतो, आणि डन्जन्स अँड ड्रॅगन्स टेबलवर पुस्तक घेऊन खेळताना एका टर्नमध्ये असे दोन मोठे स्पेल टाकायला जी बंदी असते ती या गेममध्ये नाही, म्हणजे एकाच टर्नला दोन फायरबॉल, प्रत्येकी आठ सहाबाजूचे फासे. समोरचे उठायच्या आत अर्धी लढाई संपते. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो, खरंच.

अर्थात त्यानंतर हात रिकामे. विझार्डला आर्केन रिकव्हरी असते, लढाईनंतर पाचव्या लेव्हलला तिसऱ्याचा एक स्लॉट परत भरून घेता येतो आणि तो पुढच्या लढाईला परत तयार. सॉर्सरर स्लॉट मोडून पॉइंट करू शकतो, पॉइंट मोडून स्लॉट करू शकतो, पण तिसऱ्याचा स्लॉट बनवायला ५ पॉइंट लागतात, म्हणजे पाचव्या लेव्हलला अख्खी पुंजी. दोन रेस्टमध्ये पाच पाच लढाया काढणारे जे लोक आहेत त्यांना विझार्ड जास्त मानवेल, दर मोठ्या लढाईनंतर झोपायला जाणाऱ्यांना सॉर्सरर. माझ्या अनुभवाने या गेममध्ये खायचं सामान इतकं मिळतं की झोपायला कंजुषी करायची गरज पडत नाही, उलट कॅम्पमधले बरेच सीन रेस्ट घेतल्यावरच दिसतात.

आता कॉन्सन्ट्रेशन, याकडे नवीन माणूस लक्षच देत नाही. हेस्टसारखा स्पेल चालू असताना मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, टाकावा लागतो, १० किंवा बसलेल्या माराच्या निम्मे, जे जास्त असेल ते गाठायचं. चुकलं तर स्पेल तुटतो, आणि हेस्ट तुटला की ज्याच्यावर होता त्याचा पुढचा टर्न वाया. ट्विन केला असेल तर दोघींचा. सॉर्सरर त्या सेव्हमध्ये मुळातच प्रवीण असतो, विझार्ड नसतो, त्याला चौथ्या लेव्हलला वॉर कास्टरसारखा फीट (खास कौशल्य) घेऊन ती उणीव भरावी लागते. ड्रॅकॉनिक (ड्रॅगनच्या वंशाच्या) सॉर्सररला तर चामडीच कडक मिळते, आर्मर क्लास (शत्रूला वार लागू करायला गाठावा लागणारा आकडा) १३ अधिक डेक्स्टेरिटीचा बोनस, जे मिळवायला विझार्डला मेज आर्मरचा एक स्लॉट जाळावा लागतो.

एका बाबतीत विझार्ड स्पष्टपणे पुढे आहे, आपल्याच माणसांना न भाजणं. इव्होकेशन स्कूल (मारा करणाऱ्या जादूची शाखा) घेतलं की दुसऱ्या लेव्हलपासून आपल्या माणसांना आपल्या इव्होकेशन स्पेलचा काहीही त्रास होत नाही, गर्दीच्या मधोमध फायरबॉल टाका. सॉर्सररचा केअरफुल स्पेल ऐकायला तसाच वाटतो पण तो फक्त सेव्ह यशस्वी करून देतो, आणि फायरबॉलमध्ये सेव्ह यशस्वी झाला तरी निम्मा मार बसतोच. हे मला गॉब्लिन कॅम्पमध्ये माझी साथीदार शॅडोहार्ट आडवी झाल्यावर कळलं. तुमचे लढवय्ये कायम शत्रूला भिडलेले असतील तर याचा विचार जरूर करा.

मग तरी सॉर्सरर का? एक म्हणजे करिश्मा. या गेममध्ये जितकं लढणं तितकंच बोलणं आहे, मनवणं, थापा मारणं, दम देणं सगळं करिश्म्यावर, आणि बोलायला बहुतेक वेळा तुमचंच कॅरेक्टर पुढे असतं. सॉर्सररची जादूही करिश्म्यावर चालते, एकाच आकड्यात दोन्ही कामं. दुसरं कारण म्हणजे गेल नावाचा साथीदार. तो विझार्ड आहे आणि अगदी सुरुवातीलाच पार्टीत येतो, सॉर्सरर असलेला साथीदार मात्र गेममध्ये नाही. तुम्ही सॉर्सरर घेतलात तर मिळालेले सगळे स्क्रोल गेलच्या वहीत जातील आणि दोन्ही प्रकारची जादू एकाच पार्टीत मिळेल. विझार्ड घेतलात तर गेल कॅम्पात बसून राहतो, माझं पहिल्या खेळात तेच झालं आणि त्याची अर्धी गोष्ट मी बघितलीच नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

ज्यांना गेल पटतच नाही, किंवा प्रत्येक अडचणीला वेगळं उत्तर शोधण्यातच ज्यांना मजा येते, त्यांनी खुशाल विझार्ड घ्यावा. सॉर्सररमध्ये वाइल्ड मॅजिक हा प्रकार पहिल्यांदा नको, मधेच काहीही घडतं आणि चूक आपली की नशिबाची हे नवीन माणसाला कळत नाही. ड्रॅकॉनिक किंवा स्टॉर्म घ्या.

आणि चुकलं असं वाटलं तर कॅम्पमध्ये विदर्स नावाचा एक जण येतो, तो १०० गोल्डमध्ये क्लास बदलून देतो. फक्त पाचव्या लेव्हलच्या आधी बदलू नका, तोवर फायरबॉलही नसतो आणि हेस्टही नसतो.