अर्थबॉक्स: पाणी आपोआप, पण भिस्त दोन कोपऱ्यांवर

आपलं आपण पाणी घेणाऱ्या कुंड्यांमध्ये अर्थबॉक्स हे जुनं नाव. पेटी साधारण 74 सेंटीमीटर लांब, 34 रुंद आणि 28 उंच. तळाशी 11 लिटरची टाकी, तिच्यावर भोकांची जाळी, जाळीवर सुमारे 57 लिटर माध्यम, म्हणजे मातीऐवजी भरायचं मिश्रण. पाणी ओतायची नळी, जादा पाणी बाहेर टाकणारं बाजूचं भोक आणि वरून ताणून बसवायचं प्लॅस्टिकचं आच्छादन. हलणारा एकही भाग नाही, म्हणून वापरताना सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते पेटी भरताना.

जाळीचे दोन कोपरे मोकळे ठेवलेले आहेत. तिथलं माध्यम थेट टाकीच्या तळाला टेकतं आणि केशाकर्षणाने पाणी वर चढतं ते फक्त या दोन खांबांतून. सगळ्या पेटीची तहान या दोन ओंजळींवर! कोरडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा पीट (दलदलीतला कुजलेला वनस्पतींचा थर) इथे टाकलं तर ते पाणी ओढायलाच तयार होत नाही. टाकी भरलेली आणि रोप सुकलेलं, असा प्रकार होतो. म्हणून माध्यम आधी घमेल्यात पूर्ण भिजवून घ्यायचं, कोपऱ्यांत मुठीने घट्ट दाबायचं आणि मगच जाळीवर थर चढवायचे. वरचे थर मात्र हलक्या हाताने. भरून झाल्यावर एकदा वरून पाणी द्यायचं, टाकी भरायची आणि दुसऱ्या दिवशी आच्छादनाखाली दोन पेरं बोट खुपसून बघायचं. कोरडं लागलं तर कोपरे पोकळ राहिलेत. रोपं लावण्याआधीच पेटी उपसून पुन्हा भरलेली बरी.

बागेतली माती इथे चालत नाही. दोन महिन्यांत ती दबून विटेसारखी होते, हवा निघून जाते आणि मुळं गुदमरतात. निव्वळ कंपोस्टही नको, कारण ते कोपऱ्यांत सतत पाण्यात बुडून सडतं आणि नळीतून नाल्यासारखा वास येतो. तीन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग परलाइट (हलके, पांढरे, फुगवलेले खनिज दाणे) आणि फार तर एक भाग चांगलं कुजलेलं गांडूळखत, तेही कोपऱ्यांत न घालता, हे मिश्रण भरवशाचं. टोमॅटोसाठी सुमारे अर्धा किलो डोलोमाइट (आम्लता कमी करणारी चुनखडीसारखी भुकटी) मिसळायची सूचना असते, ती आम्लधर्मी पीटसाठी योग्य आहे. कोकोपीटचा सामू (पीएच) मुळात तेवढा खाली नसतो. त्याला कॅल्शियम हवं असतं आणि ते जिप्समने सामू न बदलता मिळतं.

खताची रीत पहिल्यांदा विचित्र वाटते. नत्र-स्फुरद-पालाशचे आकडे 5 ते 15 च्या दरम्यान असलेलं दाणेदार खत दोन कप घेऊन त्याची पाच सेंटीमीटर रुंदीची एकच पट्टी माध्यमाच्या वरच्या थरात टाकायची, रोपांपासून शक्य तितकी दूर. मिसळायचं नाही. ओलावा खालून वर येतो, त्यामुळे पट्टी हळूहळू विरघळते आणि मुळं झेपेल तेवढंच उचलतात. तेच खत माध्यमात कालवलं तर मुळं करपतात. टाकीत विद्राव्य खत ओतणं तर सरळ चूक: शेवाळ धरतं, आणि वर भरपूर खत असताना खालूनही क्षार चढतात.

या पद्धतीत पाणी वरून खाली कधीच झिरपत नाही, म्हणून उरलेले क्षार वरच्या थरातच साठतात. हंगाम संपल्यावर आच्छादन काढून जुनी पट्टी आणि तिच्याभोवतीचा पांढरट थर खरवडून टाकायचा आणि बाजूच्या भोकातून स्वच्छ पाणी येईपर्यंत वरून पाणी सोडायचं. हे टाळलं की पुढच्या पिकाच्या पानांच्या कडा जळतात आणि दोष रोपवाटिकेला जातो.

बाजूचं भोक हा पेटीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग. पाणी आणि जाळी यांच्यामध्ये हवेचा थर राहतो तो या भोकामुळे. शेतकरी ज्याला वापसा म्हणतात, म्हणजे ओल आणि हवा यांचा मेळ, तो इथे या थराने टिकतो. जास्त पाणी मावावं म्हणून हे भोक बुजवणारे लोक आहेत. मुळं कुजली की मग दोष कुंडीचा ठरतो.

टोमॅटोची दोन रोपं, वांग्याचीही दोन, मिरचीची सहा, हे प्रमाण बरोबर आहे. तिसरा टोमॅटो घालायचा मोह आवरावा. भर उन्हाळ्यात फळांनी लदलेली दोन झाडं 11 लिटर एक-दोन दिवसांत संपवतात, तेव्हा ‘आठवडाभर बघायला नको’ ही समजूत पालकाच्या भाजीपुरतीच ठेवावी. टाकी एकदा कोरडी पडून पुन्हा भरली, की टोमॅटोच्या फळाचा बुडखा काळा पडायला सुरुवात होते. कॅल्शियम माध्यमात असतं, पण पाण्याच्या खंडामुळे ते फळापर्यंत पोचत नाही. आच्छादन काढून टाकणाऱ्यांकडे हे जास्त दिसतं, कारण बाष्पीभवन वाढतं.

मेथी-कोथिंबीर पेरायची असेल तर ही पेटी गैरसोयीची. खत नसलेल्या भागात पेरून, उगवून मुळं खाली उतरेपर्यंत वरून हलकं पाणी द्यावं लागतं. रोझमेरीसारख्या कोरडं आवडणाऱ्या झाडांना तर ती मुळीच नको.

उणिवा दोन. मूळ पेटीत पाण्याची पातळी दाखवणारं काही नाही. भोकातून पाणी येईपर्यंत ओतायचं. नळीत थर्मोकोलचा तुकडा लावलेली बारीक काडी सोडली की काम भागतं. दुसरी, नळीचं तोंड उघडं असतं आणि डासांना ते पुरतं. बारीक जाळी रबराने बांधावी, भोकावरही. भरलेल्या पेटीचं वजन चाळीस किलोच्या आसपास जातं, तेव्हा जागा आधी ठरवावी, पेटी नंतर भरावी.

पेटी घ्यायची नसेल तर एकात एक बसणाऱ्या 20 लिटरच्या दोन बादल्यांतून हेच तत्त्व साधतं: आतल्या बादलीच्या तळाला भोकं, मधोमध खालच्या पाण्यात उतरणारी, माध्यमाने भरलेली जाळीची वाटी, बाहेरच्या बादलीला आतल्या तळाच्या बोटभर खाली भोक. एका बादलीत एकच टोमॅटो.