छर्ऱ्याच्या बंदुकीला परवडणारा स्कोप: साधा ३-९×४०, छोटा ४×३२ की एओवाला?

बजेट बेताचं आहे, बंदूक स्प्रिंगची ०.१७७ आहे आणि नेम धरायचाय तो गच्चीवर, शेतावर किंवा क्लबात, १० ते ५० मीटरवरच्या कागदावर. एवढं पक्कं असेल तर दुकानातल्या स्कोपच्या (नेम धरायच्या दुर्बिणीच्या) सगळ्या डब्यांतून शेवटी तीनच उरतात: साधा ३-९×४०, छोटा ४×३२, आणि समोरच्या भिंगाला फिरती कडी असलेला, म्हणजे एओवाला (ॲडजस्टेबल ऑब्जेक्टिव्ह) ३-९×४०. यात × च्या आधीचा आकडा झूमचा, नंतरचा समोरच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या रुंदीचा. ६-२४×५० सारखे लांबलचक स्कोप दिसतात झकास, पण स्प्रिंगच्या बंदुकीवर त्यांच्या वजनानं माउंट (स्कोप बंदुकीला धरून ठेवणारा जोड) मागे सरकत राहतं. ते सोडून द्या.

दोन प्रकारच्या लोकांनी मात्र घाई करू नये. स्पर्धेत उतरायचं असेल त्यांनी स्कोपचे पैसे वाचवावेत. १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल, दोन्हीकडे दुर्बीण चालत नाही. राधानगरीकडच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकलं ते पीप साइटवर, म्हणजे बारीक भोकातून बघून नेम धरत. ते पैसे चांगल्या पीप साइटला आणि शूटिंग जॅकेटला लावा. दुसरे शिकारीचा विचार करणारे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं भारतात तो विषय मिटलेला आहे, आणि होला, बुलबुल, ससा हे लहान म्हणून त्यातून सुटत नाहीत. २० ज्यूलच्या आतल्या ०.१७७ ला परवाना लागत नाही, याचा अर्थ पाखरं टिपायला मोकळीक आहे असा होत नाही. परदेशात राहून रीतसर परवान्यानं सशाच्या शिकारीला जाणाऱ्यांचं गणित वेगळं आहे, ते पुढे येईल.

आता मुद्द्यावर. काचेचा कोट, उजेड, क्रॉसहेअरची (आत दिसणाऱ्या नेमाच्या फुलीची) नक्षी यावर लोक तासन्‌तास बोलतात. या किमतीत त्यातलं बरंचसं उन्नीस-बीस असतं. माझ्यासाठी निकाल लागला तो पॅरलॅक्सवर, म्हणजे डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसतो त्यावर.

साधा ३-९×४० बहुतेक करून मोठ्या रायफलींसाठी बनतो आणि कारखान्यातच १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर बसवलेला असतो. त्या अंतरावर चित्र आणि क्रॉसहेअर स्कोपच्या आत एकाच पातळीवर येतात. १० मीटरवर येत नाहीत. मग बंदूक जागच्या जागी असते आणि डोळा हलला की क्रॉस कागदावर तरंगायला लागतो. किती तरंगतो याचा हिशेब सोपा आहे: डोळा जितका सरकला, गुणिले झूम, गुणिले अंतराचा फरक भागिले बसवलेलं अंतर. ९ च्या झूमवर १० मीटरला डोळा एक मिलिमीटर सरकला, तर नेम ८ मिलिमीटर हलतो. स्पर्धेच्या १० मीटरच्या कागदावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि दोन रिंगांत अडीच मिलिमीटरचं अंतर. म्हणजे तुमच्या मते दहाचा असलेला शॉट सातवर जातो. डोळा अगदी कडेला गेला तर चूक १८ मिलिमीटरपर्यंत जाते, कागदावरच्या काळ्या गोलाच्या बाहेर.

यातला खरा वैताग म्हणजे ही चूक स्कोपची वाटतच नाही. ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) फाकतो तेव्हा माणूस छर्रे बदलतो, स्प्रिंगला दोष देतो, दस्त्याचे स्क्रू आवळतो. गाल दस्त्यावर दर वेळी थोडा वेगळा टेकतोय आणि स्कोप तेवढ्याचे आठपट करून देतोय, हे लक्षात यायला फार वेळ जातो. त्यात ९ वर १० मीटरचं चित्र धूसर दिसतं. मग लोक डोळ्याकडची कडी फिरवून ते साफ करायला जातात आणि क्रॉसहेअरच अस्पष्ट होऊन बसतं. ती कडी फक्त क्रॉसहेअरसाठी असते. पांढऱ्या भिंतीकडे किंवा मोकळ्या आभाळाकडे स्कोप धरायचा (सूर्याच्या दिशेला चुकूनही नाही), दोन सेकंद बघून नजर काढायची, आणि पहिल्या नजरेतच क्रॉस काळाभोर दिसेल तिथे कडी सोडायची. पुन्हा हात लावायचा नाही.

साधा स्कोप घरात आलेलाच असेल तर तो टाकून देऊ नका. १० मीटरला झूम ३ वर ठेवा. तीच एक मिलिमीटरची चूक पावणेतीनवर येते. दुसरा उपाय समोरच्या टोपणाचा: टोपणाला मधोमध २० मिलिमीटरचं भोक पाडून ते लावलं की कडेची चूक अर्धी होते आणि चित्रही थोडं साफ दिसतं. उजेड मात्र बराच जातो, त्यामुळे हे दिवसा उघड्यावरच करायचं. समोरचं भिंग स्वतःच फिरवून जवळ बसवता येतं, पण सील मोडतं, आतला नायट्रोजन जातो आणि पहिल्या पावसाळ्यात काच आतून धुरकटते. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यानं तरी हे करू नये.

छोट्या ४×३२ ला लोक खेळणं समजतात, ते बरोबर नाही. एअरगनसाठी म्हणून विकला जाणारा ४×३२ बहुधा ३०-३५ यार्डांवर बसवलेला असतो. २५ मीटरवर डोळ्याच्या एक मिलिमीटरला नेम एक मिलिमीटरही हलत नाही. तिथेच साधा ३-९×४० नऊच्या झूमवर साडेसहा मिलिमीटर हलतो. स्वस्त आणि लहान असून २५ मीटरला तो मोठ्या भावाला मागे टाकतो, वजनही कमी. तुमची जागा २५-३० मीटरच्या आसपास ठरलेली असेल आणि निशाण रिकामे डबे, खडूचे तुकडे असं असेल, तर यापुढे वाचायची फारशी गरज नाही. अडचण येते बारीक कामात. ४ च्या झूमवर २५ मीटरवरच्या कागदात छर्रा नेमका कुठे गेला हे दिसत नाही, प्रत्येक पाच शॉट्सनंतर उठून जावं लागतं. क्रॉसच्या रेषाही जाड असतात, छोटा ठिपका त्यांच्यामागे झाकला जातो.

एओवाल्यात कडी १० यार्डांपासून पुढे फिरते. ज्या अंतराला मारताय तिथे ती आणली की तरंगणं थांबतं आणि चित्रही ९ वर स्वच्छ येतं. माझा कल इकडे आहे. किंमत साध्यापेक्षा बऱ्यापैकी जास्त पडते, पण ज्यांना १० मीटर आणि ३० मीटर दोन्ही मारायचंय त्यांना तो फरक पहिल्याच कागदावर दिसेल असं मला वाटतं. दुसऱ्या कुणाचा अनुभव वेगळा असू शकेल, विशेषतः ज्याचा गाल दर वेळी नेमक्या त्याच जागी बसतो अशा मुरलेल्या नेमबाजाचा.

एओची स्वतःची दुखणी आहेत. कडीवर छापलेल्या आकड्यांवर विसंबू नका, ते क्वचितच जुळतात. १०, १५, २०, २५, ३५ आणि ५० मीटरवर टेपनं मोजून कागद लावा, बंदूक वाळूच्या पिशवीवर ठेवा, डोकं होकारासारखं वर-खाली हलवत कडी फिरवा. क्रॉस कागदाला चिकटला की कडीवर लावलेल्या पांढऱ्या टेपवर खूण करा. कडीच्या आट्यांत थोडी ढिलाई असतेच, म्हणून दर वेळी ती आधी अनंतावर न्या आणि तिथून जवळ आणत खुणेवर थांबवा. उलट बाजूनं आलात तर खूण चुकेल. कडीत ढिलाई जास्त असेल तर भिंगच डुगडुगतं आणि झिरो (छर्रा क्रॉसवरच पडेल अशी बसवणी) सरकतो. असा नग परतच करायचा.

सशाच्या शिकारीबद्दल: ऑस्ट्रेलियात किंवा अमेरिकेत ०.२२ रिमफायर (बारीक काडतुसाची रायफल) वापरणाऱ्यांनी एओच्या मागे लागू नये. ५० यार्डांवर बसवलेला रिमफायर स्कोप घ्यावा. ३० मीटरवर ५ च्या झूमला एक मिलिमीटरची चूक पावणेदोन मिलिमीटरची होते, सशाच्या डोक्याच्या मानानं ती नगण्य आहे. उलट जनावर समोर असताना कडी फिरवायला हात पुढे न्यावा लागला, की ते उठून जातं.

स्कोप कोणताही घ्या, डब्यावर तो एअरगनचा झटका सोसणारा आहे असं लिहिलेलं हवं. स्प्रिंगच्या बंदुकीचा झटका दुहेरी असतो: पिस्टन सुटताना बंदूक मागे येते आणि तो शेवटी आदळतो तेव्हा पुढे जाते. मोठ्या रायफलीचा भारी स्कोपही या पुढच्या झटक्याला तयार नसतो. आतली भिंगं आणि क्रॉसहेअर ढिलं पडतं. पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी बंदूक) असेल तर ही काळजी नाही.

माउंटवर कंजुषी नको. ११ मिलिमीटरच्या खाचेला बसणारं, एकसंध, स्टॉप पिन असलेलं माउंट घ्या आणि ती पिन बंदुकीवरच्या भोकात नीट उतरली आहे का ते बघा. रिंगांचे स्क्रू एका बाजूचे पुरते आवळून मग दुसरीकडे जायचं नाही. आलटून-पालटून, पाव-पाव वळसा, दोन्ही फटी सारख्या राहतील असे. छोट्या ॲलन कीची आखूड बाजू हातात धरून जेवढा जोर लागतो तेवढा पुरे. त्याहून जास्त आवळलं तर नळकांड्यावर वळ उठतात आणि झूमची कडी जड होते.

नळी मोडून भरायच्या बंदुकीत नळी बऱ्याचदा किंचित खाली झुकलेली असते. वरचा टरेट (नेम वर-खाली करायची कळ) वर-वर नेत शेवटाला पोचलात तर स्कोपच्या आतल्या स्प्रिंगला ताण उरत नाही आणि झिरो रोज बदलतो. अशा वेळी झुकाव भरून काढणारं माउंट लावा. निदान मागच्या रिंगेखाली जुन्या फोटो फिल्मची एक पट्टी घाला, दोनाच्या वर नाही.

झिरो करताना टरेटचा पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिक १० मीटरला पाऊण मिलिमीटरहून किंचित कमी सरकतो, म्हणजे एका सेंटिमीटरला साधारण १४ क्लिक. २५ मीटरला पाच-सहा पुरतात. २५ ला झिरो केलेली बंदूक १० मीटरला सेंटिमीटरभर खाली मारते आणि ५ मीटरला दोन-अडीच सेंटिमीटर, कारण स्कोप नळीच्या चारेक सेंटिमीटर वर असतो. यात काही बिघडलेलं नाही. झूम मात्र झिरो केल्यावर एकाच आकड्यावर ठेवा. स्वस्त स्कोपमध्ये झूम बदलला की नेमही थोडा बदलतो.

दुकानात उभ्या उभ्या एवढं करून बघा. गुंडाळलेल्या पंच्यावर स्कोप ठेवून दहाएक मीटरवरच्या कॅलेंडरच्या एका तारखेवर क्रॉस आणा. एओची कडी १० च्या आसपास फिरवत डोकं हलवा, कुठेतरी क्रॉस तारखेवरच राहायला हवा. मग झूम ३ वरून ९ वर न्या, स्कोप न हलवता. क्रॉस तारखेवरून घसरला तर दुसरा नग मागा. समोरची कडी बोटानं आडवी दाबून डुगडुगते का तेही बघा. दुकानदार डबा उघडू देत नसेल, तर बदलून देण्याची अट बिलावर लिहून घ्या.