घशात काडी फिरवून मगच औषध देणारे डॉक्टर! आमच्या गल्लीतलं लहान मुलांचं क्लिनिक, ४ स्टार

सोमवारी रात्री लेकाला १०२ ताप, घसा इतका दुखत होता की वरणभातसुद्धा गिळवेना, आणि गंमत म्हणजे सर्दी नाही खोकला नाही. मागच्या वर्षी असंच झालं तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी घशात न बघताच अँटिबायोटिक लिहून दिलेलं आणि वर एएसओची ब्लड टेस्ट, म्हणून यावेळी शेजारच्या काकूंचं ऐकून इथे आणलं.

अपॉइंटमेंट घेऊनसुद्धा दीड तास वेटिंग. एक स्टार तिथेच कापला.

पण आत गेल्यावर डॉक्टरांनी जीभ दाबून टॉर्च मारला, टॉन्सिलवरचे पांढरे ठिपके मलाही दाखवले आणि घशात काडी फिरवून रॅपिड टेस्ट केली. पोरगा त्यांच्या बाहीवर थोडा ओकला, काही बोलले नाहीत बिचारे. दहा मिनिटांत दोन रेघा, म्हणजे स्ट्रेप थ्रोट, स्ट्रेप नावाच्या बॅक्टेरियाचं घशातलं इन्फेक्शन. एएसओ नको का विचारलं तर म्हणाले, ती होऊन गेलेल्या इन्फेक्शनची खूण, आज घशात काय आहे ते ती सांगत नाही.

मग मी विचारलं, माझ्या नणंदेला न्यू जर्सीत ३६व्या आठवड्यात स्ट्रेप निघालेला, डिलिव्हरीच्या वेळी सलाईनमधून औषध दिलं, हा तोच का? हसले. "आडनाव एक, घरं वेगळी." तो ग्रुप बी, आईला बहुतेक वेळा त्रास नसतो पण बाळंत होताना बाळाला लागला तर गंभीर. लेकाचा ग्रुप ए, हा घसा नाहीतर कातडी धरतो, अंगावर खरखरीत लाल पुरळ आली तर स्कार्लेट फीवर. आणि बाळांना पीसीव्ही लस देतात ती ज्याच्यासाठी, तो न्यूमोनियावाला पण याच खानदानातला म्हणे!

अमॉक्सिसिलिन १० दिवस. तिसऱ्याच दिवशी पोरगा सोफ्यावरून उड्या मारतोय म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या बास आता औषध, पण डॉक्टरांनी आधीच बजावलेलं की अर्धवट सोडलं तर पुढे रुमॅटिक फीवर होऊन हार्टच्या व्हॉल्व्हवर जाऊ शकतं. माझी मावशी वर्षानुवर्षं दर ३ आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन का घ्यायची ते मला तेव्हा कळलं, हाच रुमॅटिक फीवर परत उलटू नये म्हणून.

टेस्टचे पैसे फीच्या वर वेगळे लागतात, काउंटरवर आधी कोणी सांगत नाही, विचारून घ्या. पार्किंग नाहीच, रिक्षानेच जा.